गळ टाकायला जाताना खिशात काय ठेवावं? लेदरमन वेव्ह प्लस, दोन पावसाळे वापरल्यावर

माझं दोंडाईचाला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोनोब्लॉक, बोअरमधली सबमर्सिबल, गिरणीची मोटार, जे जळेल ते माझ्याकडे येतं. आठवड्याचे सहा दिवस हातात पक्कड, पाना नाहीतर तांब्याची तार असते. सातव्या दिवशी पहाटे साडेचारला उठून मोटारसायकलला गळाची काठी बांधतो आणि सारंगखेड्याच्या किंवा प्रकाशाच्या अंगाला तापीवर जातो. बॅरेजमुळे नदी तिथे फुगून रुंद झाली आहे. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, शिंगाडा, वाम आणि नशीब असेल तर मरळ. मासेमारीचा ठेका सोसायटीकडे असतो, तेव्हा काठावरच्या माणसाला राम राम करून, विचारून बसायचं. गेली बावीस वर्षं हा नेम आहे.

हत्यारांशी रोजचा संबंध असल्यामुळे गळावर येणारी मंडळी मला नेहमी विचारतात, "भाऊ, ते मल्टिटूल घ्यावं का? कोणतं घ्यावं?" मल्टिटूल म्हणजे पक्कड, चाकू, कात्री अशी हत्यारं एकात मिटवून बसवलेली वस्तू. मी त्यातलं लेदरमन कंपनीचं वेव्ह प्लस वापरतो. सगळ्यांना उभ्या उभ्या सांगून भागत नाही, म्हणून हे नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. दुकानात हत्यार निवडताना आपले हात कोरडे असतात, उजेड असतो आणि घाई नसते. पाण्यावर यातलं एकही नसतं. संध्याकाळी सहा-सव्वासहाची वेळ धरा. डाव्या हातात दीड किलोचा शिंगाडा आहे. त्याच्या पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंच्या परांचे दोन असे तीन काटे ताठ झालेत. हे काटे तो अडकवून धरतो, दाबून खाली बसत नाहीत, आणि लागले की ठणका रात्रभर जात नाही. गळ त्याने ओठाला न घेता पार आत घेतलाय. हाताला त्याची बुळबुळ आहे, कणकेचा लगदा आहे, काठावरची काळी माती आहे. अशा वेळी उजवा हात एकटाच खिशात जातो, एकट्यानेच हत्यार बाहेर काढतो, उघडतो आणि मासा गुदमरायच्या आत गळ सोडवतो. जे हत्यार हे काम करतं ते गळावरचं हत्यार. बाकी त्यात डबा उघडायचं पातं आहे की नाही, बाटली उघडता येते की नाही, याला फारशी किंमत नाही.

म्हणून गळासाठी मल्टिटूल बघताना मी तीनच गोष्टींकडे बघतो: पकडीचं नाक, कात्री, आणि ओल्या हाताने ते उघडतं का.

पकडीचं नाक म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. दोन्ही जबडे टोकाला घट्ट टेकले पाहिजेत, आणि मागे अगदी बारीक फट दिसली तरी चालेल. स्वस्त मालात बरोबर उलटं असतं. मागचा भाग आधी टेकतो आणि टोकाशी केसभर फट राहते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. पण गळाची दांडी एक-सव्वा मिलिमीटरची असते, माशाच्या तोंडात ती वाकडी बसलेली असते, आणि टोकाला फट असली की पक्कड दांडीवरून घसरते. दोनदा घसरली की मासा झटका देतो आणि गळ आणखी आत जातो.

हे मी स्वतः भोगलंय. माझं पहिलं मल्टिटूल ऑनलाइन मागवलेलं होतं, साडेसहाशे रुपयांचं, 'अकरा हत्यारं एकात'. कंपनीचं नाव घेत नाही. तसं त्यावर धड नावही नव्हतं. फोटोत झकास दिसत होतं. आल्या दिवशी दुकानात त्याने तार सोलून बघितली, स्क्रू फिरवून बघितले, खूश झालो. पाण्यावर पहिल्याच रविवारी कळून चुकलं. मुठी पातळ पत्र्याच्या होत्या आणि पत्र्याची कड थेट तळहातात रुतायची. जोर लावला की हत्यार कामाऐवजी हातालाच चावतंय असं वाटायचं. चाकूला लॉक नव्हतं. ओल्या पँटच्या खिशात एक रात्र राहिलं तर 'स्टेनलेस' लिहिलेल्या पात्यावर सकाळी तांबूस ठिपके. आणि दोन्ही जबडे जोडणारं रिव्हेट चार महिन्यांत इतकं ढिलं झालं की जबडे एकमेकांच्या बाजूने सटकू लागले. तरी पैसे गेले म्हणून मी ते वापरतच राहिलो. तिथे चुकलो.

मग भाच्याचं प्रकरण झालं. भाचा धुळ्याला डिप्लोमा करतो, सुट्टीत माझ्यासोबत येतो. गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळा नुकताच सुरू झाला होता, पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. प्रकाशाच्या वरच्या बाजूला आम्ही दोघं बसलो होतो. त्याचा गळ बाभळीच्या पाण्यातल्या फांदीत अडकला, त्याने काठी जोरात मागे ओढली, गळ सुटला आणि सणकन परत येऊन त्याच्या अंगठ्याच्या गादीत शिरला. नुसतं टोक नव्हे, टोकामागचा उलटा काटासुद्धा आत. पोरगं पांढरं पडलं. "मामा, ओढू नका, मामा, ओढू नका," एवढंच म्हणत होतं.

उलटा काटा आत गेला असेल तर गळ आल्या वाटेने ओढायचा नसतो, मांस फाटतं. अशा ठिकाणी, म्हणजे मांसल भागात आणि टोक कातडीच्या जवळ असेल तर, टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, उलटा काटा कापून टाकायचा आणि मग उरलेली दांडी आल्या वाटेने सोडवायची. डोळ्याजवळ, सांध्यात किंवा खोल गेला असेल तर काही न करता सरळ दवाखाना गाठायचा. अंगठ्यातलं टोक मी पुढे काढलं. पोराने दात आवळून सहन केलं. आणि मग कापायची वेळ आली तेव्हा माझ्या त्या मल्टिटूलच्या कटरने गळावर नुसती खूण उमटली. दुसऱ्यांदा दाबलं तर कटरच्या धारेलाच खाच पडली. गळाची तार कडक असते. जास्त कार्बनचं पोलाद तापवून, विझवून कडक केलेलं असतं. खिळ्यासारखी मऊ नसते ती. स्वस्त कटर तांब्याची तार कापतो, गळ नाही.

शेवटी वरच्या पपईच्या शेतात ट्रॅक्टर उभा होता, तिथपर्यंत मी पळत गेलो. त्या भाऊंनी टूलबॉक्समधली आठ इंची पक्कड काढून दिली आणि स्वतःही माझ्यामागे पळत आले. त्या पकडीने एका दाबात काटा तुटला. मग दवाखान्यात जाऊन जखम धुऊन घेतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पोरगं आठ दिवसांत बरं झालं. पण पपईच्या शेतापर्यंत पळतानाची ती पाच मिनिटं माझ्या छातीत अजून आहेत. हत्यारांवर पोट भरणाऱ्या माणसाच्या खिशात पोराच्या अंगठ्यातला गळ कापायला हत्यार नव्हतं. घरी आल्यावर बहिणीसमोर मान वर करवेना.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली फुकटातली आहे, ती आजच करा: गळाचा उलटा काटा पकडीने चेपून सपाट करायचा. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही, माशाच्या तोंडातून गळ चटकन निघतो आणि आपल्या बोटात गेला तरी आल्या वाटेने येतो. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात पुरावर अंडी टाकतात. पोट भरलेली मादी लागली तर सोडून द्यावी, आणि सोडायची असेल तर हात ओले करून धरावी, कोरड्या फडक्याने नव्हे. फडक्याने तिच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि मग तिला रोग धरतो. चेपलेल्या काट्याचा गळ पकडीच्या टोकात धरून उलटा फिरवला की मासा पाण्याबाहेर न काढताही सुटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मी चांगलं मल्टिटूल शोधायला लागलो. चार महिने शोधलं. दुकानातला अनुभव, मित्रांकडची हत्यारं, पुण्याला मोटारीचं सामान आणायला जातो तिथल्या दुकानांमध्ये हातात घेऊन बघणं, असं सगळं केलं. शेवटी लेदरमन वेव्ह प्लस घेतलं. पण आधी बाकीच्यांबद्दल बोलतो, कारण प्रत्येकाची गरज वेगळी.

एका मित्राकडे व्हिक्टोरिनॉक्सचा स्विसचॅम्प आहे, लाल मुठीचा. ही स्वित्झर्लंडच्या इबाख गावची कंपनी, 1884 मध्ये कार्ल एल्सनर यांनी सुरू केलेली. त्यांचा तो प्रसिद्ध ऑफिसर चाकू 1897 चा. स्विसचॅम्पमध्ये मासेवाल्यांसाठी एक खास पातं असतं. त्याच्या एका कडेला खवले काढायचे दाते, टोकाला गळ सोडवायची खाच आणि अंगावर मोजपट्टी. नाजूक कामाला त्याच्यासारखं हत्यार नाही. त्या कात्रीने तर मी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, असा कापला की टोक वस्तऱ्याने कापल्यासारखं साफ. वजन 185 ग्रॅम आणि मिटल्यावर लांबी 91 मिलिमीटर. पण त्यातली पक्कड बोटभरसुद्धा नाही. ती चिमट्याची मोठी बहीण समजा. शिंगाड्याच्या घशातल्या गळासाठी ती केलेलीच नाही. शिवाय पाती नखाने उघडायची असतात. माझी नखं तांब्याच्या तारेने झिजलेली, त्यात बोटं ओली. माझ्या हाताला ते जमत नाही. ज्याचं काम बारीक चिलापी आणि रोहूचं आहे, घरी मासा साफ करणं ज्याच्याकडे आहे, त्याने तेच घ्यावं.

दुसरा रस्ता अगदी आपल्या बाजारातला. टपारियाची सहा इंची नोज प्लायर. नाशिकला बनते, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, माझ्या दुकानात तर चार पडल्या आहेत. लांब नाक, टोकाला घट्ट, मुठीला प्लास्टिक, आणि किंमत मल्टिटूलच्या पासंगालाही पुरत नाही. ज्याला दहा हजार खर्चायचे नाहीत, त्याला मी मनापासून सांगतो: ही नोज प्लायर घे, शिंप्याकडे असते तशी दोरा तोडायची छोटी कातरी घे आणि एक घडीचा चाकू घे. तुझी नव्वद टक्के कामं होतील. अडचण एवढीच की तीन वस्तू तीन ठिकाणी राहतात. एक पिशवीत, एक डब्यात, एक मोटारसायकलच्या डिकीत. वेळेला हाताशी येते ती चौथीच. आणि साधी नोज प्लायर पाण्यात राहिली तर गंजते, तिला स्टेनलेसचा आव नाही.

आता लेदरमन. ही अमेरिकेतल्या पोर्टलंडची कंपनी. तिची गोष्ट मला आवडते, कारण ती माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्या माणसाची आहे. 1975 मध्ये टिम लेदरमन बायकोसोबत जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होते. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशात होता फक्त एक घडीचा चाकू. चाकूने सगळं करताना त्यांना सारखं वाटायचं की यात पक्कड हवी होती. घरी परतून त्यांनी अशी वस्तू बनवायला घेतली. वर्षानुवर्षं कंपन्यांनी नकार दिले, आणि 1983 मध्ये कुठे पहिलं हत्यार विकायला आलं. ते ज्यांनी पहिल्यांदा घेतलं त्यांत कॅबेलाज ही कॅटलॉगवाली कंपनी होती. आणि कॅबेलाजचा स्वतःचा धंदा 1961 मध्ये सुरू झाला होता गळाला लावायच्या हाताने बांधलेल्या खोट्या माश्या विकण्यापासून. म्हणजे या पकडीचं आणि गळाचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

वेव्ह हे मॉडेल 1998 चं. वेव्ह प्लस 2018 मध्ये आलं. दोघांत गळवाल्याच्या कामाचा फरक एकच आणि तो फार मोठा: प्लसमध्ये कटरची पाती बदलता येतात. धार गेली, खाच पडली, तर छोटे स्क्रू काढून नवीन बसवायची. माझ्या आधीच्या हत्यारात काय झालं ते वर सांगितलंच आहे. कटर दोन प्रकारचे आहेत. पुढे साधी तार कापायचा आणि मागे, रिव्हेटच्या अगदी लगत, कडक तारेसाठी वेगळी खाच. रिव्हेटच्या जितकं जवळ जाल तितका जोर वाढतो, हे विहिरीवर पहार लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. घरी आल्यावर सगळ्यात आधी मी काय केलं असेल तर भाच्याच्या अंगठ्यात गेलेल्या मापाचेच चार गळ त्या मागच्या खाचेत धरून कापले. टक, टक, टक, टक. चारही तुटले, पात्याला ओरखडा नाही. डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा घातला होता. तुम्हीही घाला, कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो. बोटात अडकलेला गळ कापताना वरून फडकं धरा.

मिटल्यावर लांबी 10 सेंटिमीटर, वजन 241 ग्रॅम. हे वजन कागदावर वाचलं तर कळत नाही, लुंगीच्या किंवा हलक्या पॅंटच्या खिशात टाकलं की कळतं. खिसा खाली लोंबतो. मी ते पट्ट्याला लावायच्या म्यानात ठेवतो, उजव्या बाजूला, जरा मागे सरकवून. म्हणजे उकिडवं बसल्यावर मांडीत रुतत नाही. उन्हाळ्यात मात्र म्यानावर सदरा ओढून घ्या. मे महिन्यात तापीच्या वाळूवर उन्हात राहिलेलं पोलाद हातात धरवत नाही.

मोठा चाकू साधारण साडेसात सेंटिमीटरचा, 420 एचसी पोलादाचा. हे पोलाद फार कडक नाही, धार लवकर जाते असं चाकूच्या दर्दी लोकांचं म्हणणं असतं. मला उलट ते आवडतं. आपल्याकडे गावात कोणाजवळ हिऱ्याची पट्टी असते? घरच्या साध्या दगडावर पाणी टाकून पाच मिनिटं घासलं की धार परत येते. आणि यात क्रोमियम भरपूर असल्यामुळे गोड्या पाण्यात तांबूस ठिपके येत नाहीत, फक्त पुसून ठेवायचं. चाकू मुठीच्या बाहेरच्या अंगाला आहे, पात्याला लांबट भोक आहे, त्यात अंगठा घालून एका हाताने उघडतो आणि उघडल्यावर लॉक होतो. लॉकची किंमत मरळ साफ करताना कळते. तिचं डोकं कवटीसारखं कडक, चाकू तिथे अडकतो आणि आपण जोर लावतो. लॉक नसलेलं पातं अशा वेळी आपल्याच बोटांवर मिटतं.

दुसऱ्या बाजूला दातेरी चाकू. तो मी माशासाठी वापरत नाही. जाळ्याचा तुकडा, नायलॉनची दोरी, पाण्यात सडलेला पोत्याचा सुतळीगुंता, अशा कामांना तो. करवतीने पऱ्हाटीच्या काड्या आणि बाभळीची वाळकी फांदी दोन मिनिटांत कापून होते. चूल पेटते, कळण्याच्या भाकरीवर भाजलेल्या चिलापीचा तुकडा आणि ठेचा. त्या वेळी सगळं विसरायला होतं.

ज्या भागाबद्दल कोणी बोलत नाही आणि जो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, तो म्हणजे कानशीची हिऱ्याच्या कणांची बाजू. गळाचं टोक एका दिवसात बोथट होतं. दगडाला घासतं, वाळूत ओढलं जातं. नवा गळ बांधण्याऐवजी मी तोच गळ कानशीवर टोकाच्या दिशेने चार-पाच वेळा ओढतो, दोन बाजूंनी. मग अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच टेकवून सरकवतो. सरकलं तर अजून बोथट. नखात जरासं रुतून थांबलं तर झालं. वाम माशासाठी तर हे करावंच लागतं. ती गांडूळ हळूच चोखत चोखत खाते, बोथट गळ तिच्या तोंडात रुततच नाही. मागच्या श्रावणानंतर मी या कामात एकही रविवार चुकवला नाही आणि वाम गळाला लागण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं.

आता कात्रीबद्दल. कात्रीला स्प्रिंग आहे, पाती छोटी पण बळकट. साधा तंगूस ती सहज कापते. विणलेला ब्रेडेड दोरा मात्र सगळ्याच कात्र्यांना त्रास देतो. त्याचे धागे फार गुळगुळीत असतात, पात्यातून सरकतात. डाव्या हाताने दोरा ताणून धरला आणि पात्यांच्या मुळाशी घेतला तर या कात्रीने तो एका दाबात जातो. सैल दोरा कापायला गेलात तर चघळल्यासारखा होतो. पण कात्री बसवली आहे मुठीच्या आतल्या बाजूला. म्हणजे आधी पक्कड उघडायची, मग कात्री बाहेर काढायची. एका हाताचं काम नाही ते. गाठ बांधून टोक कापायला दिवसातून चाळीस वेळा कात्री लागते, तेव्हा मी गळ्यात दोऱ्याला शिंप्याची कातरी अडकवतो आणि हत्यारातली कात्री जाड दोऱ्यासाठी राखून ठेवतो. कंपनीला माझी एकच विनंती असती, की कात्री बाहेर आणा.

पकडीला स्प्रिंग नाही, हेही घेण्याआधी माहीत असावं. जबडे आपोआप उघडत नाहीत, करंगळीने मूठ उघडावी लागते. पकडीवर रोजचं काम करणाऱ्याला ती सवय असते. नवीन माणसाला पहिले दोन रविवार चुकल्यासारखं होतं. नाकाचं टोक मात्र जसं हवं तसं आहे. उजेडासमोर धरलं तर टोकाला फट नाही. शिसाचा गोळा दोऱ्यावर हलका चेपायला, गळाचा उलटा काटा सपाट करायला, शिंगाड्याचा काटा मुळाशी धरून त्याला गप्प करायला, सगळ्यांना ते पुरतं. घसा फार खोल असेल, म्हणजे तीन-चार किलोचा मासा, तर तिथे लांब नाकाची नोज प्लायरच लागते. माझ्या पिशवीत तीही असते, आणि मोठ्या माशासाठी तुमच्याही पिशवीत असू द्या. दहा सेंटिमीटरच्या खिशातल्या वस्तूकडून हातभर काम मागू नये.

काठावर जाळी विणत बसणारे एक भोई बाबा आहेत, सत्तरीच्या पुढचे. मी पहिल्यांदा हे हत्यार काढलं तेव्हा त्यांनी हातात घेतलं, दोनदा उघडझाप केली आणि म्हणाले, "भाऊ, गळ काढानं काम हात करस, हत्यार नही." खरं आहे. ते बोटाने कल्ल्याच्या बाजूने आत जाऊन गळ असा फिरवतात की माशाच्या ओठावर रक्त दिसत नाही. तो हात माझ्याकडे नाही. पण मागच्या महिन्यात त्यांच्या जाळ्यात कुठल्यातरी कुंपणाची काटेरी तार अडकली होती. त्यांनी हाक मारली, "आण रे तुनं ते." मी कडक तारेच्या खाचेत धरून तार सात ठिकाणी कापली आणि जाळं न फाटता मोकळं झालं. बाबा काही बोलले नाहीत. एक वाम कागदात गुंडाळून माझ्या डब्यावर ठेवली.

देखभाल सांगतो, कारण आपल्या भागात ती जरा वेगळी लागते. पाण्यापेक्षा आपल्या काळ्या मातीपासून या हत्याराला जास्त धोका. ओली असताना ती लोण्यासारखी सांध्यात शिरते आणि वाळल्यावर सिमेंट होते. मग पाती कुरकुर करतात, माणूस जोर लावतो आणि सांधा खराब होतो. घरी गेल्या गेल्या सगळी पाती उघडून कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, थोडा भांड्याचा साबण चालेल. माशाच्या रक्तात आणि आपल्या घामात मीठ असतं, तेही धुतलं जातं. मग झटकून उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर ठेवा. वाळल्यावर प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ग्रीस अजिबात लावू नका, ती मातीला धरून ठेवते. ओलं हत्यार म्यानात बंद करून आठवडाभर विसरलात तर चांगलं पोलादसुद्धा रुसतं. आणि हत्याराला हातभर पक्की दोरी बांधून तिचं दुसरं टोक पट्ट्याला. तापीच्या डोहात पडलेलं हत्यार परत मिळत नाही.

किंमत हा खरा अडसर आहे, मी लपवत नाही. दहा हजारांच्या वर जातं. मी दोन हंगामांच्या मोटारींमधून थोडे थोडे बाजूला ठेवले. कंपनी 25 वर्षांची हमी देते आणि पुढे ते भाच्याला जाईल, असा हिशोब मी घरात सांगितला, आणि तो पटला. पण याच किमतीमुळे नकली माल फार आहे. अर्ध्या किमतीत कोणी देत असेल तर समजून जा. खरं-खोटं ओळखायला माझा उपाय सोपा आहे. प्रत्यक्ष दुकानात जा, आणि जाताना काड्यापेटीत आपले दोन जुने गळ, हातभर तंगूस आणि वीतभर ब्रेडेड दोरा घेऊन जा. पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. हात पाण्याने ओला करून चाकू अंगठ्याने पाच वेळा उघडून बघा. दोरा ताणून कापा. मग दुकानदाराला सांगून एक गळ मागच्या खाचेत धरून तोडा. मी पुण्यात हे केलं तेव्हा दुकानदार आधी नाही म्हणाला. गळ पाहून त्याने विचारलं, कुठे टाकता? तापीवर म्हटल्यावर तो काउंटरच्या मागून बाहेर आला, स्वतःच फडकं आणून गळावर धरलं आणि म्हणाला, दाबा.